जुनी युद्धविमाने आणि साक्षीदाराची भाषा

दुसरे महायुद्ध संपून काही दशके लोटल्यावर पाश्चात्त्य देशांत एक नवा प्रघात पडला. युद्धकाळातील जी विमाने मोडीत जाण्यापासून वाचली ती हुडकून काढावयाची, वर्षानुवर्षे खपून त्यांची पुन्हा जुळणी करावयाची, आणि ज्यांनी ती एके काळी चालविली किंवा सांभाळली त्या वृद्ध सैनिकांना त्यांच्या भेटीस बोलवावयाचे. अशा भेटींची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात. काठी टेकीत आलेला एखादा नव्वदीचा गृहस्थ विमानाच्या पत्र्यावर हात ठेवून उभा असतो, आणि खाली दोन ओळींचा भावपूर्ण मजकूर असतो. वृत्तपत्राचे काम तेथे संपते. भाषेच्या अभ्यासकाचे काम मात्र तेथे सुरू व्हावयास हवे. कारण त्या क्षणी तो मनुष्य जे बोलतो ते घरी बोलतो त्याहून वेगळे असते, आणि हे वेगळेपण केवळ आशयाचे नसून व्याकरणाचेही असते. ते कोणते, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात १९४८ सालच्या आठवणी गोळा करण्याच्या कामाशी त्याचा काय संबंध पोहोचतो, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

या भेटींत सर्वांत लक्षवेधी ठरल्या त्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या. अशा विमानांचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात नेहमीच्या विमानास चाकांऐवजी तरंगते पाय जोडलेले असतात. दुसऱ्या प्रकारात विमानाचे धडच नावेच्या घाटाचे असते व ते थेट पाण्यावर बसते. मराठीत दोहोंना आपण सरसकट ‘जलविमान’ म्हणतो. दुसऱ्या प्रकारास ‘उडती नौका’ म्हटले तर अर्थ अधिक नेमका होईल. युद्धकाळात ब्रिटिशांचे संडरलँड आणि अमेरिकनांचे कॅटलिना ही या जातीची दोन विमाने विशेष गाजली. पाणबुड्यांचा माग काढणे, तांड्याने जाणाऱ्या जहाजांवर पहारा ठेवणे, बुडालेल्या जहाजांवरील माणसे उचलणे ही त्यांची कामे. संडरलँडच्या पोटात दोन मजले असत. स्वयंपाकाची जागा असे, निजावयास फळ्या असत. एकेक उड्डाण बारा-बारा तासांहून अधिक चाले. परत आल्यावर विमान धावपट्टीवर नव्हे, तर सरोवरात वा खाडीत बांधावे लागे. त्यासाठी एकास नाकाडातून बाहेर वाकून दोर अडकवावा लागे. वैमानिक आणि खलाशी हे दोन्ही धंदे तेथे एकाच माणसाच्या अंगी येत.

या विमानांचा हिंदुस्थानच्या आसमंताशी निकटचा संबंध आला. सिलोनमधील कोग्गल येथे त्यांचा मोठा तळ होता. मद्रासजवळील रेड हिल्सच्या तलावावरही कॅटलिना विमाने असत. ४ एप्रिल १९४२ रोजी कोग्गलहून निघालेल्या एका कॅटलिनाच्या कॅनडियन कप्तानाने, लिओनार्ड बर्चॉल याने, सिलोनच्या रोखाने येणारे जपानी आरमार पाहिले आणि विमान पाडले जाण्यापूर्वी बिनतारी संदेश धाडला. १९४४ च्या पावसाळ्यात संडरलँड विमाने ब्रह्मपुत्रेच्या पात्रातून उडून ब्रह्मदेशातील इंडॉजी सरोवरावर उतरत आणि चिंडिट तुकड्यांतील जखमी व आजारी सैनिकांना घेऊन परत येत. सुमारे पाचशे माणसे अशा रीतीने बाहेर काढण्यात आली. पर्वतांच्या पलीकडच्या त्या सरोवराकाठी धावपट्टी बांधणे त्या चिखलात शक्यच नव्हते.

साडेसातशेच्या आसपास बांधल्या गेलेल्या संडरलँडांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांतील एक फ्रेंच नौदलाने दिलेले विमान मार्च १९६१ मध्ये वेल्समधील पेम्ब्रोक डॉक येथे उडवीत आणण्यात आले. पुढे ते लंडनजवळील हेंडन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात गेले. त्याच पेम्ब्रोक डॉकच्या पाण्यात १९४० सालच्या एका वादळात बांधल्या जागी बुडालेले दुसरे संडरलँड २००० साली पाणबुड्या माणसांना सापडले. त्याचे तुकडे तुकडे वर काढून जतन करण्याचे काम तेथील हौशी मंडळींनी अंगावर घेतले. अशा ठिकाणी जुने सैनिक येत राहिले. आता ते जवळजवळ उरलेले नाहीत.

धाराशिव जिल्ह्यास समुद्र नाही. येथे उडत्या नौकेचे काय काम, असा प्रश्न वाचक विचारील. परंतु विमानाच्या पोटात डोकावून पाहिले, तर ही दूरची गोष्ट एकाएकी जवळ येते. कॅटलिनाचे इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे ‘ट्विन वास्प’ हे होते. संडरलँडच्या अखेरच्या प्रकारातही तेच बसविले होते. आणि चार इंजिनांच्या लिबरेटर नावाच्या अवजड बाँबफेकी विमानासही तेच होते. युद्धकाळात समुद्रावर टेहळणी करण्याच्या कामात लिबरेटर हे उडत्या नौकांचे जोडीदार होते. आणि हे लिबरेटर भारतीय हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरले. अखेरच्या काळात ते पुण्याच्या लोहगाव तळावर, सहाव्या स्क्वाड्रनकडे, समुद्रावरील टेहळणीसाठी होते. जगातील इतर बहुतेक देशांतून हे विमान नाहीसे झाल्यावरही पुण्याच्या आकाशात त्याचा आवाज ऐकू येत होता.

हे विमान आपल्याकडे राहिले कसे, ती हकीकतही पुनर्जुळणीचीच आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे उसनी विमाने एक तर परत करावयाची किंवा नष्ट करावयाची होती. ब्रिटिशांनी कानपूर येथे जमविलेली लिबरेटर विमाने मुद्दाम मोडून टाकली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी त्या भंगारातून धडके भाग निवडून ती उडण्यापुरती दुरुस्त केली. जिमी मुन्शी या चाचणी-वैमानिकाने ती एकामागून एक बंगलोरला नेली, आणि तेथे त्यांची पूर्ण जुळणी झाली. परदेशांत जुन्या विमानांची हौस वाढू लागली त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे गरजेपोटी हे काम झाले होते. नंतरच्या काळात हौशी जगाने याच भारतीय विमानांकडे धाव घेतली. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका येथील संग्रहालयांत उभी असलेली कित्येक लिबरेटर विमाने भारतातून गेलेली आहेत. हेंडनचे विमान १९७४ साली भारताकडून मिळाले. अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने विकत घेतलेले एक विमान अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९८९ साली पुन्हा उडाले. पुढे तीस वर्षे ते गावोगाव फिरले आणि युद्धातील हजारो वृद्ध विमानसैनिक त्याच्या पोटात शिरून आले.

येथे पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाच्या मनात एक शंका यावी. पुनर्जुळणी करणारा विमानास कोणत्या काळात परत नेतो? एखाद्या ग्रंथाची प्रत सिद्ध करताना संपादकास जसे ठरवावे लागते, तसे यालाही ठरवावे लागते. कॉलिंग्ज प्रतिष्ठानाच्या विमानावर काही वर्षे पॅसिफिक महासागरातील एका अमेरिकन विमानाचे नाव व चित्र रंगविलेले होते. नंतर ते पुसून युरोपातील दुसऱ्या एका विमानाचे नाव चढविले. ही दोन्ही विमाने त्याहून वेगळी. प्रत्यक्षात हे यंत्र ब्रिटिशांकडे गेले होते आणि नंतरची वीस वर्षे ते भारतीय होते. त्या वीस वर्षांचा पाठ अशा रीतीने खोडला गेला. यात कोणाची लबाडी नाही. ज्यांनी पैसा घातला त्यांनी आपल्या माणसांसाठी ते रंगविले. परंतु पुण्याच्या तळावरील एखाद्या जुन्या फिटरने ते पाहिले असते, तर त्याला आपले विमान ओळखू आले असते काय? ‘जीर्णोद्धार’ हा आपला शब्द देवळासाठी आहे. तेथे दगड बदलला तरी देव तोच राहतो. यंत्राच्या बाबतीत पत्रा तोच राहून देव बदलू शकतो.

माझ्या आजोळच्या नात्यातील एक गृहस्थ १९६० च्या सुमारास हवाई दलात इंजिन-फिटर होते आणि काही वर्षे लोहगावला लिबरेटरवर कामास होते. सर्वजण त्यांना आप्पा म्हणत. उमरगे तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर. २००८ साली मी त्यांच्या घरी त्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते ध्वनिमुद्रण अगदी सामान्य निघाले, आणि दोष माझा होता. त्यांना खुर्चीवर बसविले, पुढे यंत्र ठेवले, नातवंडे भोवती जमली, आणि मी विचारले, ‘त्या काळातील आपले अनुभव सांगा.’ आप्पांनी शाळामास्तरासारखी शुद्ध मराठी काढली. ‘आम्ही देशाची सेवा केली. आम्ही विमानांची देखभाल करीत असू. परिस्थिती कठीण होती.’ अर्धा तास असाच गेला. इंजिनाविषयी सारे मिळून एक वाक्य: ‘सकाळी आम्ही इंजिने सुरू करीत असू.’

पुढल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त दिल्लीस जाणे झाले; आप्पा बरोबर होते. पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक लिबरेटर ठेवलेले आहे. ते उडते नाही. नुसते उभे आहे. आप्पा त्याच्याकडे गेले आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग बाँब ठेवण्याच्या कप्प्याची दारे दाखवून म्हणाले, हे दुकानाच्या शटरावानी वर सरकतंय. (खरोखरच लिबरेटरची दारे बाहेर उघडत नाहीत, बाजूने वर गुंडाळल्यासारखी सरकतात.) त्यानंतर ते इंजिनाखाली आले, हात वर केला आणि बोलू लागले. त्यांचे शब्द माझ्या टिपणात आहेत ते असे: ‘हितं उभं ऱ्हायाचं. पंखा हातानं फिरवायचा, एकेक पातं. एकदम इंजिन नाय मारायचं. खालच्या सिलिंडरात राती आईल उतरतंय. आपण न फिरवता मारलं, की रॉड वाकला म्हून समजा.’

तांत्रिक दृष्टीने हे अचूक आहे. ‘ट्विन वास्प’ इंजिनात सात-सात सिलिंडरांच्या दोन चक्राकार रांगा असतात. इंजिन बंद असता तेल पाझरून खालच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नाही, म्हणून त्या स्थितीत इंजिन जोराने सुरू केल्यास आतील दांडा वाकतो. त्यासाठी आधी पंखा हाताने फिरवून तेल आहे की नाही हे चाचपावे लागते. ही सारी माहिती घरच्या अर्ध्या तासात आली नव्हती. पण माहितीपेक्षा मला विचार करावयास लावले ते वाक्यांच्या घडणीने.

घरच्या वाक्यांत कर्ता ‘आम्ही’ होता आणि क्रियापद रीतिभूतकाळाचे, ‘करीत असू’. विमानाखाली ‘आम्ही’ नाहीसा झाला. त्याच्या जागी प्रथम कर्ताच नसलेली ‘राहायचं, फिरवायचा, मारायचं’ ही रूपे आली, आणि मग ‘आपण’ आला. मराठीतील हे ‘-आयचं’ रूप मोठे विलक्षण आहे. मूळ ‘-आवयाचे’ याचे ते बोलीत संकोचलेले रूप. ते कर्तव्य सांगते (‘उद्या जायचं आहे’), आणि कर्त्याशी जुळवून घेऊन जुनी सवयही सांगते (‘आम्ही रोज जायचो’). कर्त्यावाचून ते आले म्हणजे विधी आणि सवय एकाच शब्दात मिसळतात: असे करीत होतो, असे करतात, असे करावे. काळ पुसला जातो. यंत्र समोर नसताना आप्पांनी भूतकाळ सांगितला. यंत्र समोर येताच त्यांनी कृती सांगितली, आणि कृतीस काळ नसतो.

सर्वनामाची गोष्ट याहून महत्त्वाची. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, आणि आपल्याकडील भेद द्राविडी शेजारातून दृढ झाला असावा असे मत पुष्कळ अभ्यासक मांडतात. ते असो. घरात आप्पांचा ‘आम्ही’ म्हणजे हवाई दलातील ते आणि त्यांचे सोबती. मी व नातवंडे श्रोते. विमानाखाली ‘आपण न फिरवता मारलं’ यातील ‘आपण’ मध्ये मी होतो. ज्याने आयुष्यात पान्हा हाती धरला नाही अशा भाच्याला त्यांनी कामावर घेतले होते. साक्ष आणि शिकवण यांच्यातील सीमा त्या एका सर्वनामाने ओलांडली.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर याने १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात भाषेतील दर्शक शब्दांचा जो विचार मांडला तो येथे उपयोगी पडतो. ‘हा, येथे, आता, मी’ या शब्दांना बोलणाऱ्याच्या जागेवाचून अर्थ नाही. ब्यूलर म्हणतो की या शब्दांचा वापर मुख्यतः तीन प्रकारे होतो: वस्तू डोळ्यांपुढे असताना, मागे आलेल्या शब्दाकडे निर्देश करताना, आणि जे समोर नाही ते कल्पनेने समोर आणून. घरी सांगितलेली आठवण तिसऱ्या प्रकारची असते. सांगणाऱ्याला विमान मनात उभारावे लागते आणि ऐकणाऱ्याच्याही मनात उभारून द्यावे लागते. हे ओझे जड आहे. भाषा त्या ओझ्याखाली सामान्य विधानांकडे वळते, ठरीव वाक्प्रचारांचा आधार घेते. वस्तू समोर आली की उभारणीचे ओझे उतरते, आणि बोलणाऱ्यास पुढची गोष्ट सांगावयास बळ उरते.

आपल्या परंपरेस ही जाणीव अपरिचित नव्हती. पाणिनीने भूतकाळाचे जे भेद केले त्यांत बोलणाऱ्याने न पाहिलेल्या, परोक्ष, भूतासाठी लिट् लकार वेगळा ठेवला आहे. मराठीने ती सोय ठेवली नाही. आमच्या बोलींत ‘म्हणे’ हा अव्ययासारखा शब्द ऐकीव गोष्टीस चिकटतो (‘पूल उडवणार होते म्हणे’), पण क्रियापद तेच राहते. त्यामुळे ध्वनिमुद्रणातून लिहून काढताना कोणी ‘म्हणे’ गाळले, आणि ‘भाषा सुधारण्याच्या’ भरात ते पुष्कळदा गाळले जाते, की पाहिलेले आणि ऐकलेले यांतील फरक कायमचा बुजतो.

स्थळाचा व वस्तूचा स्मरणास होणारा उपयोग मानसशास्त्रात पुष्कळ चर्चिला गेला आहे. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्या माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली अधिक आठवतात, काठावर पाठ केलेले काठावर. मात्र २०२१ साली हाच प्रयोग पुन्हा केला असता तो परिणाम आढळला नाही. म्हणून मी त्या प्रयोगावर भार टाकीत नाही. शब्दांची यादी आठवणे आणि रोज सकाळी पंखा फिरविणे या गोष्टी एका जातीच्याही नव्हेत. आप्पांच्या दोन ध्वनिमुद्रणांची आकडेवारीही मी दिलेली नाही; एका मनुष्याच्या बोलण्यावरून शेकडा प्रमाण काढणे हास्यास्पद ठरेल. दोन प्रसंगांत व्याकरण बदलले, एवढेच विधान आहे. पण ते तपासण्याजोगे आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. समोरची वस्तू जशी आठवण जागवते तशी ती घडवतेही. संग्रहालयातील फलकावर आकडे लिहिलेले असतात. पाच मिनिटांनी तेच आकडे साक्षीदाराच्या तोंडून ‘आठवण’ म्हणून येतात. विमान दुसऱ्याच नावाने रंगविलेले असेल, तर ते नावही आठवणीत शिरते. यासाठी आधी वस्तूपासून दूर, आणि नंतर वस्तूसमोर, अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे असावीत, आणि एकाने दुसरे दुरुस्त करू नये. आप्पांचे घरचे रटाळ ध्वनिमुद्रण मी म्हणूनच पुसले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरले, आणि पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती येणे अत्यावश्यक होते. तो तसा आला. त्यानंतर रणगाड्यांचा ताफा जळकोटवरून पुढे सरकला आणि दुपारी उमरग्यास पोहोचला. दुसरी तुकडी तुळजापुरात शिरली. तेथे रझाकार व निजामाचे सैनिक दोन तास लढले. लोहाऱ्याकडील वाट नदीच्या पुराने अडविली. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरकडे निघालेल्या सैन्याची वाट मोकळी करण्यासाठी टेंपेस्ट विमानांनी हल्ले केले. महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली ही एकइंजिनी ब्रिटिश विमाने होती. यांचेही दैव लिबरेटरसारखेच: सेवेतून निघालेली काही भारतीय टेंपेस्ट १९७९ च्या सुमारास इंग्लंडात गेली, आणि त्यांपैकी एक दीर्घ पुनर्जुळणीनंतर २०२३ साली तेथे पुन्हा आकाशात गेले. त्याच वर्षी आपण मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता करीत होतो.

या दोन घटना एकमेकींना ठाऊक नव्हत्या. आणि उमरग्याच्या रस्त्यावर ते विमान परत आणून उभे करणे आपल्या आवाक्यातले नाही. आपल्या साक्षीदारांच्या भेटीसाठी यंत्र नाही. नदी आहे, किल्ला आहे, रस्ता आहे. माझे म्हणणे असे की तेच आपले लिबरेटर. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने झालेली बहुतेक ध्वनिमुद्रणे सत्काराच्या खुर्चीवर, शाल पांघरून झाली. त्यांतील भाषा आप्पांच्या घरच्या भाषेची सख्खी बहीण आहे: ‘आम्ही लढा दिला’, ‘जुलमी राजवट’, ‘हालअपेष्टा’. शब्द खोटे नाहीत. पण ते वर्तमानपत्रातून आलेले आहेत, आणि ज्यांचा सत्कार झाला नाही त्यांच्यापर्यंत यंत्र पोहोचलेच नाही. बायका तर त्यात फारच थोड्या.

शब्दांचा एक पदर येथे नोंदवून ठेवतो. आमच्या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडी विमानास दोन शब्द ऐकू येतात. एक ‘इमान’, दुसरा ‘जहाज’, हा उर्दू शाळेतून व संस्थानी कचेरीतून आलेल्या ‘हवाई जहाज’चा संक्षेप. हवाई दलातील माणसेही आपसांत विमानास ‘जहाज’च म्हणतात, आप्पा पालमला तेच म्हणत होते. समुद्र न पाहिलेल्या मुलखाने विमानास जहाज म्हणावे, आणि इंग्रजांनी समुद्रावरील विमानास नौका म्हणावे, यात योगायोगापेक्षा काही अधिक असेल असे मला वाटत नाही. परंतु कोण ‘इमान’ म्हणतो आणि कोण ‘जहाज’ म्हणतो याची गाववार नोंद झाली, तर १९४८ पूर्वी शाळा व कचेरी कोणाच्या घरात पोहोचली होती याचा एक अंदाज बांधता येईल. सध्या ती नोंद करणारे विद्यार्थी हवेत. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते त्यांनी आता पंचाऐंशी ओलांडली आहे.

२०१६ साली मी नळदुर्गजवळच्या एका वृद्ध बाईंचे बोलणे असेच दोनदा मुद्रित केले. त्या वेळी अकरा वर्षांची मुलगी असलेल्या त्या बाई घरात बसून ‘रझाकारीत लई हाल झाले’ यापलीकडे फारशा गेल्या नाहीत. त्यांच्या नातवाने त्यांना नदीकाठी आणले, तेव्हा त्या तुरीच्या रानाकडे बोट करून बोलू लागल्या: लेकरांना घेऊन बाया कुठे लपल्या, कुणाच्या तोंडावर हात धरला, इमानाचा आवाज आधी आला की रणगाड्यांचा. एकदाही ‘म्हणे’ नाही. वारा होता, ध्वनिमुद्रणात तो भणभणतो. त्या म्हणतात, ‘इमान ह्या अंगानं आलं, आन् आपण सगळे खाली बसलो.’ बाई आता हयात नाहीत. ‘ह्या अंगानं’ हे शब्द आजही अगदी स्पष्ट ऐकू येतात. त्यांनी हात कोणत्या बाजूस केला होता ते मी त्या दिवशी लिहून ठेवले नाही.